घराबाहेर पडण्याआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका गटाचे प्रमुख आहात, आणि तुमच्या गटात एक मुस्लिम सहकारी आहे. काम चोख करते, सगळ्यांशी नीट वागते, आणि तिला कोणी वावगं बोलल्याचं तुमच्या कानावर नाही. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "कामाचा शीण नाही हो, माणसांत वावरायचा येतो." ते वाक्य तुमच्या मनातून जात नाही. म्हणून तुम्ही विचारता की मुस्लिमांविषयीच्या पूर्वग्रहाचा मुस्लिम स्त्रीच्या रोजच्या जगण्यावर नेमका काय परिणाम होतो, आणि तिच्याशी याविषयी बोलावं तरी कसं.

मी समुपदेशक आहे. बरीच वर्षं माझ्याकडे मुस्लिम स्त्रिया येतात. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणी घरात मार खात असते, कोणाची बाळंतपणानंतर झोप हरवलेली असते. आणि काही जणी अशा, ज्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसतं, तरी छातीतली धडधड थांबत नाही. या सगळ्यांचं ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. तिच्यासोबत किती वाईट घटना घडल्या हे मोजत बसलात तर तुमच्या हाती फार थोडं लागेल. त्या घटना टाळण्यासाठी ती रोज जो हिशेब करते, तो बघायला शिका. पूर्वग्रहाची खरी किंमत तिथे चुकवली जाते.

हा हिशेब कसा असतो ते सांगते. बसमध्ये किंवा गाडीच्या डब्यात शिरल्यावर बहुतेक जण रिकामी जागा शोधतात. ती आधी माणसं बघते. कोण आपल्याकडे दोनदा वळून बघतंय, दार किती लांब आहे, एखाद्या बाईशेजारी बसता येईल का. आईचा फोन आला तर सलाम हळू आवाजात करायचा, की फोन उचलायचाच नाही. गाडी मागवताना ॲपवर पूर्ण नाव ठेवायचं की नुसतं आद्याक्षर. भाड्याचं घर बघायला जाताना फोनवरच नाव सांगून टाकायचं, म्हणजे हेलपाटा वाचेल. की आधी समोर जायचं, माणूस म्हणून दोन शब्द बोलायचे आणि मग नाव सांगायचं. जगात कुठेही स्फोट झाला, गोळीबार झाला, की हल्लेखोराचं नाव जाहीर होईपर्यंत ती जीव मुठीत धरून बसते. मेलेल्यांसाठी जीव तुटतोच, पण उद्या ऑफिसात सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतील ही भीतीही सोबत असते. एकीने मला सांगितलं होतं, "मॅडम, नीट रडतासुद्धा येत नाही. आपलं दुःख खरं आहे हे आधी दाखवावं लागतं."

यातली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तर कोणीही म्हणेल, एवढं काय त्यात! पण दिवसभर हे चालू असतं, आणि ज्या लक्षाच्या जोरावर माणूस काम करतो, मुलांशी खेळतो, खिडकीबाहेर बघत निवांत बसतो, तेच लक्ष यात खर्ची पडतं.

त्यातही सर्वांत जास्त थकवते ती अनिश्चितता. उघड शिवी बसली तर निदान काय झालं ते कळतं. राग येतो, रडू येतं, कोणाला तरी सांगता येतं. पण बैठकीत आपला मुद्दा कोणी उचलला नाही, तो मुद्दाच कच्चा होता म्हणून की आपण मांडला म्हणून? घरमालकाने "कळवतो" म्हणून कळवलं नाही, ते घर खरंच दुसऱ्याला गेलं म्हणून की नाव ऐकून? शेजारीण जिन्यात न बोलता गेली, ती घाईत होती की काल टीव्हीवर काही पाहून आली होती? बहुतेक वेळा याचं उत्तर कधीच मिळत नाही. मग मन तो प्रसंग रात्री पुन्हा पुन्हा उलगडत राहतं. "मी उगाच जास्त विचार करते का?" हा प्रश्न मला जितक्या मुस्लिम स्त्रियांनी विचारला आहे, तितका दुसरा कुठलाच विचारलेला नाही. सतत स्वतःच्याच समजुतीवर शंका घेत जगणं माणसाला आतून पोखरतं.

हे शरीरातही उतरतं. मान-खांद्याचं दुखणं, पित्त, तुटक झोप, पाळीच्या तक्रारी घेऊन त्या आधी डॉक्टरकडे जातात आणि फिरत फिरत माझ्याकडे येतात. यावरचा एक अभ्यास मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. डायान लॉडरडेल या संशोधिकेने कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावं असलेल्या स्त्रियांची बाळं, त्याआधीच्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत, कमी वजनाची किंवा वेळेआधी जन्मण्याचं प्रमाण वाढलं होतं. इतर गटांतल्या स्त्रियांमध्ये अशी वाढ दिसली नाही. अरबी नाव असलेली प्रत्येक बाई मुस्लिम असेलच असं नाही, हे खरं. पण संशय नाव वाचूनच घेतला जातो, आणि नेमका त्याचाच परिणाम इथे मोजला गेला. त्या बाळांच्या आयांपैकी फार थोड्यांवर कोणी हात उगारला असेल. पण त्या सगळ्या एका विशिष्ट हवेत श्वास घेत होत्या.

"कोणी वावगं बोलल्याचं कानावर नाही," असं तुम्ही लिहिलंत. ते कानावर येणारही नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतल्या ९,६०० हून अधिक मुस्लिमांची पाहणी केली आणि तिचा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. मागच्या पाच वर्षांत भेदभाव अनुभवल्याचं ४७ टक्क्यांनी सांगितलं. २०१६ च्या पाहणीत हा आकडा ३९ टक्के होता. आणि ज्यांनी भेदभाव अनुभवला त्यांच्यापैकी ताज्या प्रसंगाची तक्रार कुठेतरी नोंदवणारे निघाले फक्त ६ टक्के. शंभरातले चौऱ्याण्णव गप्प राहिले. तुमच्या सहकारीने काही सांगितलं नाही, म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. सांगून काय होईल, याचाही हिशेब तिने करून ठेवलेला असतो: लोक म्हणतील हिला सगळीकडे तेच दिसतं, साहेब अवघडतील, आणि पुढच्या वेळी चांगलं काम दुसऱ्या कोणाला जाईल.

नोकरीचं म्हणाल तर दार बंद होण्याची सुरुवात अर्जापासूनच होते. डोरिस वाइक्सेलबाउमर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीत केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाच मुलीचा फोटो, सारखंच शिक्षण, सारखाच अनुभव, आणि अर्ज तीन प्रकारचे. जर्मन नावाच्या अर्जाला १८.८ टक्के ठिकाणी मुलाखतीचं बोलावणं आलं. तुर्की नाव लावल्यावर ते १३.५ टक्क्यांवर आलं. तेच तुर्की नाव आणि फोटोत डोक्याला स्कार्फ, की ४.२ टक्के! म्हणजे त्याच मुलीला तेवढ्याच बोलावण्यांसाठी साडेचारपट अर्ज करावे लागतील. पद जितकं वरचं, तितकी ही दरी रुंद होती. भारतात लेड बाय फाउंडेशन या संस्थेने २०२२ मध्ये अशीच चाचणी घेतली. तिथे फोटो नव्हता, स्कार्फ नव्हता, फरक नावाचाच होता. हिंदू नावाच्या अर्जांना २०८ होकारार्थी उत्तरं आली, मुस्लिम नावाच्या अर्जांना १०३.

हे आकडे मी मुद्दाम देते, कारण "मी उगाच जास्त विचार करते का?" या प्रश्नाला माझ्याकडचं सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच आहे. एखाद्या एका नकाराचं कारण तिला किंवा मला कधीच कळणार नाही. पण तिची शंका हवेतून आलेली नाही. हे ऐकल्यावर काही जणींचे खांदे माझ्यासमोर सैल होताना मी पाहिले आहेत.

आता हिजाब. या विषयावर बोलायला लागलं की संभाषण हटकून इथेच येऊन अडतं, त्यामुळे यावर जरा सविस्तर बोलते. मुस्लिम पुरुषालाही पूर्वग्रहाला तोंड द्यावं लागतं, पण हिजाब किंवा बुरखा घेणारी स्त्री लांबूनच ओळखू येते, आणि ज्याला राग काढायचा असतो त्याला ती सोपी वाटते. शिवाय तिच्याविषयीच्या समजुती दुहेरी असतात. ती धोकादायक आहे, आणि ती बिचारीही आहे. एकाच बाईला एकाच दिवशी कोणी घाबरून बघतं आणि कोणी कीव करून. दोन्ही नजरांत एक गोष्ट सारखी असते: हिला स्वतःचं डोकं नाही, हिच्या मागे दुसरंच कोणीतरी आहे. दवाखान्यात प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारले जातात. "तुमच्यात किती मुलं असतात?" असं सहज बोललं जातं. तिने उच्च शिक्षण घेतलं असेल तर आश्चर्य व्यक्त होतं, आणि ते कौतुक म्हणून तिने हसून स्वीकारावं अशी अपेक्षा असते.

जी हिजाब घेत नाही तिची सुटका होते असंही नाही. तिला ऐकावं लागतं, "तू तशी वाटत नाहीस." बोलणारा आपलेपणाने बोलतो. तिला मात्र त्यात कळतं, की बाकीच्यांविषयी याच्या मनात काय आहे, आणि आपल्या आईला, मावशीला, बहिणीला तो कोणत्या नजरेने बघेल. शिवाय तिच्या ओळखीची ज्यांना कल्पना नसते, ते तिच्या समोर मोकळेपणाने बोलतात. ते सगळं ती ऐकत असते.

"पण हिजाबची सक्ती होतेच ना?" हो, होते. काही घरांत होते, काही समाजांत होते. इराणमध्ये तर ती शासन करतं. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या २२ वर्षांच्या मुलीचा तिथल्या पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या स्त्रियांच्या बाजूने मी मनापासून उभी आहे. आणि त्याच कारणाने, शिकायला आलेल्या मुलीला डोक्यावरचं कापड काढ नाहीतर घरी जा असं सांगणंही मला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय तिचा राहत नाही. फ्रान्सने १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत डोक्यावरच्या रुमालासह ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. हेतू मुलींच्या मुक्तीचा सांगितला गेला. पुढे दोन संशोधिकांनी, आला अब्देलगादिर आणि वासिलिकी फूका यांनी, परिणाम तपासले, तेव्हा त्या काळात शाळेत असलेल्या मुस्लिम मुलींचं माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण घटलेलं आढळलं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२२ मध्ये गणवेशाचा आदेश निघाला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता आदेशाच्या बाजूने होते. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मुलीच्या निवडीला आणि तिच्या शिक्षणाला अग्रक्रम दिला. न्यायालयाचं काम न्यायालयात चालतं, पण एका शाळकरी मुलीला वर्गाच्या दाराशी थांबवलं गेलं, आणि ते दृश्य तिच्यासारख्या असंख्य मुलींनी फोनवर पाहिलं. आपण कुठे जायचं आणि कुठे नाही, हे त्या त्यातून शिकल्या.

खेळाच्या मैदानाचीही हीच गोष्ट आहे. जून २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला ऑलिम्पिक पात्रता सामना स्कार्फमुळे खेळू दिला नाही. फिफाने २०१४ मध्ये परवानगी दिली आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. अडचण कापडाची नव्हती हे तिथेच सिद्ध झालं.

यापुढचा भाग फारसा बोलला जात नाही, आणि माझ्या कामात तोच सर्वांत अवघड आहे. बाहेरचा पूर्वग्रह स्त्रीला घरातल्या अन्यायाविरुद्ध बोलू देत नाही.

एखादीला नवरा मारतो. ती पोलिसांकडे का जात नाही, असं विचारणं सोपं आहे. तिच्या मनात काय चालतं ते ऐका. चौकीत आपलं ऐकताना ते म्हणतील, "तुमच्यात हे असंच असतं." म्हणजे माझा मार हा माझ्या नवऱ्याचा गुन्हा राहणार नाही, माझ्या धर्माचा पुरावा होईल. नवऱ्याला आत टाकलं, तर त्याच्यावर दुसरंही काही लावतील का? माझ्या मुलांचा बाप आहे तो. आणि घरचे म्हणतील, बाहेर आपल्याविषयी एवढं बोललं जात असताना तू त्यांच्या हाती कोलीत दिलंस. "कौम की इज्जत" तिच्याच खांद्यावर असते. मग ती परत जाते. मार खाते. तिला मदत न मिळण्यात मारणाऱ्याचा हात आहेच, सासर-माहेरचा आहे, आणि चौकीतल्या त्या एका वाक्याचाही आहे. मी बायकांना पोलिसांकडे घेऊन गेले आहे. तिथे समोरच्या अधिकारी बाईने धर्माचा शब्दही न काढता, इतर कोणत्याही तक्रारीसारखी तक्रार लिहून घेतली, की या स्त्रिया भराभर बोलतात. साधं वागणं किती मोठं काम करतं, ते तिथे दिसतं.

आणि त्या गप्प बसतात म्हणजे त्यांना बोलायचं नसतं, असं कोणी समजू नये. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा ही त्यांची मागणी होती. पन्नासहून जास्त वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला, तो शायरा बानो आणि त्यांच्यासारख्या स्त्रियांनी स्वतः दाद मागितल्यावर. या स्त्रियांना दोन आघाड्यांवर लढावं लागतं. आतले म्हणतात, तुम्ही शत्रूला सामील झालात. बाहेरचे त्यांची वेदना उचलून समाजाला झोडपायला वापरतात, आणि काम झालं की त्या बाईला विसरतात. जिला स्वतःच्या समाजावर टीका करायची आहे, तिला ती निर्धास्तपणे करता यावी असं वाटत असेल, तर आधी बाहेरचा द्वेष कमी व्हायला हवा. माझ्या अनुभवात हा क्रम उलटा चालत नाही.

रस्त्यावरच्या अपमानाचं टोक कुठवर जाऊ शकतं, यासाठी एकच उदाहरण देते. मारवा अल-शरबिनी ही इजिप्तची औषधशास्त्र शिकलेली तरुणी जर्मनीत ड्रेस्डेनला राहत होती. २००८ च्या उन्हाळ्यात खेळाच्या मैदानावर तिने एका माणसाला मुलासाठी झोका मोकळा करायला सांगितलं. त्याने तिला दहशतवादी म्हटलं. तिने निमूट घरी न जाता तक्रार केली. त्याला दंड झाला, आणि प्रकरण अपिलात गेलं. १ जुलै २००९ रोजी त्या अपिलाच्या सुनावणीत, भर कोर्टात, त्याने तिला भोसकून मारलं. ती गरोदर होती. तिला वाचवायला धावलेल्या नवऱ्यावरही त्याने वार केले, आणि त्या नवऱ्यालाच हल्लेखोर समजून पोलिसाने त्याच्या पायावर गोळी झाडली. लहान मुलगा तिथेच होता. खुन्याला त्याच वर्षी जन्मठेप झाली. हे टोक दुर्मीळ आहे, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांनाही सांगते. पण तुमच्या सहकारीने असं काही कधीतरी वाचलेलं असतं, आणि मैदानावर कोणी तिच्यावर खेकसलं की ती उत्तर देण्याआधी ते आठवते. "एवढं मनावर काय घ्यायचं," असं म्हणताना हे लक्षात असू द्या.

इंटरनेटवर वेगळी शिक्षा मिळते. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला भारतातल्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय ॲपवर टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्या ॲपांची नावं मी लिहीत नाही, कारण त्या शिव्या आहेत. पत्रकार, कार्यकर्त्या, लिहित्या-बोलत्या बायका वेचून काढल्या होत्या. काही तरुणांना अटक झाली. पण ज्यांचे फोटो त्यात नव्हते अशा किती जणींनी त्या आठवड्यात आपले फोटो काढून टाकले, खाती बंद केली, लिहिणं थांबवलं, याची नोंद कुठेही होणार नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलींनी ते केलं. एकीच्या वडिलांनी तिला काहीच म्हटलं नव्हतं, तरी तिने आपणहून केलं, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

आणि आई असेल तर हा हिशेब दुप्पट होतो. मुलाला शाळेत काय बोलायचं नाही ते शिकवायचं. चेष्टेत कोणी अतिरेकी म्हटलं तर मारामारी करायची नाही हे शिकवायचं, आणि आपण भित्रे आहोत असंही त्याला वाटू द्यायचं नाही. एका बाईंचा आठ वर्षांचा मुलगा त्यांना म्हणाला होता, "अम्मी, तू गेटपर्यंत येऊ नकोस, कोपऱ्यावर थांब." त्या कोपऱ्यावर थांबू लागल्या. माझ्याकडे आल्या त्या मुलाची काळजी घेऊन. स्वतःविषयी त्यांनी बराच वेळ काही बोलायचं टाळलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: बोलायचं कसं.

तिला बाजूला बोलावून "तुला इथे भेदभाव होतो का?" असं विचारू नका. होकार दिला तर पुरावा द्यावा लागेल, या विचाराने ती नाही म्हणेल. त्यापेक्षा तिनेच टाकलेल्या वाक्याचा धागा पकडा: "त्या दिवशी तू माणसांत वावरायचा शीण म्हणालीस, ते माझ्या डोक्यात राहिलं आहे. कधी बोलावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे. नाही वाटलं तरी चालेल." एवढं म्हणून थांबा. ती बोलली तर मध्ये समजूत घालू नका. "त्याचा तसा हेतू नसेल" हे वाक्य तर तोंडावर आलं तरी गिळा. हेतूची शक्यता तिने तुमच्याआधी शंभरदा तपासून पाहिलेली असते. देशात-परदेशात घडलेल्या कोणत्याही घटनेवर तिचं मत मागू नका. ती सगळ्या मुस्लिमांची प्रवक्ती नाही, आणि तिने कशाचाही निषेध करून दाखवण्याची गरज नाही. तिच्या धर्माबद्दल कुतूहल असेल तर ते शमवायला पुस्तकं आहेत. आणि तिच्याशी इतर गोष्टीही बोला. तिचं काम, तिला आवडणाऱ्या मालिका, तिचा वैताग, काहीही. दर वेळी हाच विषय काढणं म्हणजे पुन्हा तिला याच एका चौकटीत बसवणं.

कोणी तिच्यासमोर काही बोललं, तर त्याला अडवायचं काम तुमचं. त्याच वेळी, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता: "असं इथे बोलायचं नाही." नंतर एकांतात तिला "मला वाईट वाटलं" म्हणणं तुमच्या मनाला बरं वाटेल, पण त्या खोलीतले बाकीचे काय शिकले? त्यांनी एवढंच पाहिलं की ते बोलणं चालून गेलं. रस्त्यात, गाडीत अनोळखी स्त्रीवर कोणी ओरडत असेल, तर ओरडणाऱ्याशी भिडू नका. मे २०१७ मध्ये अमेरिकेत पोर्टलँडच्या गाडीत दोन मुलींना त्रास देणाऱ्याला अडवताना दोन पुरुषांचा जीव गेला. तिच्याशेजारी जाऊन बसा, जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा सुरू करा, पुढच्या स्थानकावर तिच्यासोबत उतरा, आणि पोलिसांत जायचं की नाही हे तिला ठरवू द्या. चित्रण केलंत तर ते तिच्या हाती द्या. विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

ती स्वतः काही बोलो न बोलो, गटप्रमुख म्हणून काही गोष्टी तुम्हाला आजच करता येतील. अर्जांची पहिली चाळणी नाव आणि फोटो झाकून करा. कोणाला कोणतं काम दिलं, ग्राहकांसमोर कोणाला पाठवलं आणि कोणाला मागे ठेवलं, याची वर्षभराची यादी काढून स्वतः बघा. तिने तक्रार करायची ठरवलीच, तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा, आणि तुमच्याकडेही एक नोंद ठेवा. तक्रार करायची नाही असं तिने ठरवलं, तर तो तिचा निर्णय आहे. तुमची नोंद मात्र असू द्या, सहा महिन्यांनी तिचं मत बदलू शकतं.

शेवटची गोष्ट तुमच्यापुढे कधी ना कधी येईल, म्हणून आत्ताच सांगते. ग्राहक म्हणेल, "पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवा." फ्रान्समध्ये अस्मा बूग्नावी या अभियंत्या बाईंबाबत हेच झालं होतं. ग्राहकाला त्यांचा स्कार्फ नको होता, कंपनीने त्यांना काढून टाकलं, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मार्च २०१७ रोजी सांगितलं की ग्राहकाची अशी इच्छा ही कामाची खरी गरज ठरू शकत नाही. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचाराच, पण उत्तर ठरवायला तेवढं थांबू नका. "या कामातल्या आमच्या सर्वांत जाणकार त्याच आहेत, त्यामुळे त्याच येतील," असं सांगायचं, आणि त्या बैठकीला तुम्हीही तिच्यासोबत जायचं.